‘गेनसे’ला घाबरू नकोस

मुंबई उच्च न्यायालयाच्या पर्वरीतल्या गोवा खंडपीठाच्या निकालाची बातमी मराठीत करताना ‘कॅनॉट बी गेनसेड’ (cannot be gainsaid) कधीतरी भेटणारच. त्यातल्या ‘गेन’चा नफ्याशी काडीचाही संबंध नाही बरं! तो जुन्या इंग्रजीतला ‘विरुद्ध’ सांगणारा उपसर्ग; ‘अगेन्स्ट’ त्याचाच भाऊबंद. म्हणून ‘गेनसे’ म्हणजे विरुद्ध बोलणं, नाकारणं. सुमारे ७०० वर्षांचं हे क्रियापद आज बहुधा नकारासोबतच येतं, म्हणून सगळं वाक्य होकाराकडे झुकतं: ‘हे नाकारता येणार नाही’. घाईत तो ‘नाही’ गळला, की न्यायालयाच्या तोंडी उलटंच विधान जातं आणि सकाळी पेडण्यापासून काणकोणपर्यंत तेच वाचलं जातं. पान सोडण्याआधी तेवढं ताडून बघ. एखाद्याने आरोप फेटाळले, तर तिथे साधा ‘डिनाय’ असतो. ‘इन्कार केला’ लिही आणि पुढे जा.