अलार्मच्या एका एलईडीवर अजून दोन लाइट चालतील का?

प्रश्न : सर नमस्कार, माझ्या गाडीला बाहेरून बसवून घेतलेला अलार्म आहे, डॅशबोर्डवर त्याचा एकच लाल एलईडी लुकलुकतो. रात्री गाडी रस्त्यावरच असते म्हणून मागच्या काचेत दोन्ही बाजूंना एकेक लाइट हवाय. त्याच दोन वायरींना एक निळा एलईडी जोडून बघितला तर लाल लागतो पण निळा लागतच नाही. अलार्मचं मॉड्यूल (कंट्रोल बॉक्स) गेलं का?

उत्तर : नाही हो, मॉड्यूल ठीक आहे. लाल एलईडी साधारण २ व्होल्टवर पेटतो, निळ्याला ३ च्या आसपास लागतात, दोन्ही समांतर जोडले की लाल वाला व्होल्टेज २ वरच धरून ठेवतो आणि निळ्याला काही मिळतच नाही. लालच लावले असते तरी मंद लागले असते, कारण मॉड्यूल एका एलईडीपुरताच करंट देतं, त्याच्यावर जास्त लोड टाकूच नका.

बीसी५४७ ट्रान्झिस्टर घ्या, कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो, बेस, एमिटर आणि कलेक्टर असे त्याला तीन पाय असतात. जुना एलईडी आहे तसाच राहू दे, त्याच्या प्लस वायरवरून ४.७ के (किलोओहम) रेझिस्टर लावून बेसला, एमिटर बॉडी अर्थला. नवीन दोन्ही लाल एलईडींना वेगवेगळा १ के रेझिस्टर लावा, दोघांच्या मायनस वायरी कलेक्टरला आणि प्लसला बॅटरीचा कायम येणारा १२ व्होल्ट, पण मध्ये १ अँपिअरचा फ्यूज हवाच, तो विसरायचा नाही! गाडी चालू असताना १४ व्होल्टच्या वर जातं, तरी १ के ला प्रत्येकी १२-१३ मिलिअँपिअरच होतात. ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली धरले की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर.

त्याआधी मल्टीमीटर लावून बघा मात्र. काळा प्रोब बॉडीला लावून जुन्या एलईडीच्या दोन्ही वायरी तपासा, एक शून्यावर राहून दुसरी वरखाली होत असेल तरच वरची जोडणी चालेल. उलटं असेल, म्हणजे प्लस कायम आणि मायनस चालू-बंद होत असेल, तर जोडू नका, दोन्ही रीडिंग आम्हाला कळवा, त्याचं सर्किट वेगळं असतं.

बॅटरीची काळजी नको, लुकलुकणारा लाइट बहुतेक वेळ बंदच असतो. वायर दाराच्या खालच्या पट्टीतून मागे न्या, खांबाच्या कव्हरमधून नको, तिथे काही गाड्यांत पडदा एअरबॅग असते, आणि पिवळा कनेक्टर दिसला तर हातही लावू नका. जोड सोल्डर करून वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा, नुसती टेप उन्हाळ्यात सुटते.