मागच्या शेडचा पत्रा गळतोय: दुरुस्त करू की बदलू?

आधी गळती नेमकी कुठून होते ते शोधा. थेंब पडतो त्याच्या बरोबर वर भोक असेलच असं नाही, पाणी पत्र्याच्या खालून उताराने वाहत येऊन भलतीकडे टपकतं. कोरड्या दिवशी एकाला आत उभं करा आणि पाइपने खालच्या कडेपासून हळूहळू वर पाणी सोडत जा. पाऊस नसताना, थंड पहाटे आतून थेंब दिसत असतील तर ती गळती नसून साचलेली वाफ आहे. त्याला हवा खेळती ठेवणं हाच उपाय.

बहुतेक वेळा दोषी असतो स्क्रूखालचा रबरी वॉशर. उन्हाने तो कडक होऊन तडकतो. नुसता स्क्रू आवळू नका, तो काढून थोडा जाड स्क्रू नव्या वॉशरसकट बसवा. वॉशर किंचित दबेल इतकाच आवळा, जास्त पिळलात तर तोच फाटतो. दोन पत्र्यांच्या जोडात ब्युटाइल टेप (रबरासारखी मऊ, चिकट पट्टी) घाला. वरून डांबर थापणं मला अजिबात पटत नाही, ते तडकतं आणि खाली पाणी अडून गंज वाढतो.

गंजलेल्या जागी स्क्रूड्रायव्हर दाबून बघा. आरपार गेला तर तो पत्रा बदलाच.

आणि कृपा करून पत्र्यावर थेट पाय देऊ नका, खालच्या आधारांवर टेकेल अशी फळी टाकूनच चढा.