जॅझ हा शब्द नक्की कुठला? (आणि जॅझ का जाझ?)

प्रश्न असा आलाय की जॅझ हा शब्द आफ्रिकन भाषेतला, कुणी म्हणतं फ्रेंच, कुणी म्हणतं चक्क शिवी होती, तर खरं काय, आणि मराठीत जॅझ लिहायचं का जाझ?

लिहायचं आधी उरकतो. इंग्रजी उच्चार बॅट-कॅटसारखा, म्हणून मी जॅझच लिहितो, जाझही दिसतं आणि त्यावरून भांडण्यात अर्थ नाही. गंमत आहे ती शेवटच्या झ ची. हिंदीवाले खाली नुक्ता (टिंब) देऊन मोकळे होतात, आपल्याकडे तो नाही. खरं तर 'रोज'मधला ज इथे चालला असता, पण मग दोन ज शेजारी आले असते, एक 'जन्म'मधला आणि एक 'रोज'मधला, आणि वाचणारा गोंधळला असता. म्हणून झ, आणि तोही 'माझा'मधला, 'माझी'मधला नाही. हे आपल्याला कुणी शिकवत नाही, तोंड आपोआप वळतं.

आता शब्दाचं मूळ. बहुतेकांची समजूत असते (माझीपण होती) की हे संगीत अमेरिकेच्या दक्षिणेतल्या न्यू ऑर्लिन्सचं तर शब्दही तिथलाच असणार. पण शब्दाचा लेखी माग काढत गेलं की आपण पोचतो थेट दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियात, आणि तेही बेसबॉलच्या मैदानावर! २ एप्रिल १९१२ च्या लॉस एंजेलिस टाइम्समध्ये बेन हेंडरसन नावाचा पिचर (म्हणजे बेसबॉलचा गोलंदाज) आपल्या एका बॉलला 'जॅझ' म्हणतो, का तर तो असा डगमगत येतो की समोरच्याला काही करताच येत नाही. पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या बुलेटिन पेपरात स्कूप ग्लीसन हा क्रीडा पत्रकार तिथल्या बेसबॉल टीमबद्दल लिहिताना तोच शब्द सारखा वापरायला लागला, आणि ५ एप्रिल १९१३ ला त्याच पेपरात अर्नेस्ट हॉपकिन्सने या नव्या शब्दाचं कौतुक करणारा अख्खा लेख लिहिला. तिथे अर्थ काय, तर दम, रग, जोश. 'पोरात जॅझ आहे' म्हणजे पोरात दम आहे. संगीताचा संबंध शून्य.

त्याच्याही मागे 'जॅझम' असा शब्द १८६० मध्ये छापलेला सापडतो, अर्थ पुन्हा जोम-उत्साह, आणि बहुतेक अभ्यासकांचा कल याच्याकडेच आहे. याचं भावंड 'जिझम', त्याचा एक अर्थ जोम आणि दुसरा वीर्य, त्यामुळे शिवीवाली गोष्ट अगदीच हवेतली नाही, पण 'जॅझ'चा चावट अर्थ लेखी पुराव्यात बेसबॉलच्या नंतर दिसतो. फ्रेंच 'जाझे' म्हणजे बडबड करणे, ऐकायला छान जुळतं, आफ्रिकन मुळाचेही दावे आहेत, पण दोन्हीकडे कागद नाही. जास्बो नावाच्या वादकावरून किंवा जास्मिनच्या अत्तरावरून शब्द आला वगैरे कथा म्हणजे नुसत्या जुळवलेल्या व्युत्पत्त्या.

मग संगीताला हे नाव चिकटलं कुठे? बहुधा शिकागोत. न्यू ऑर्लिन्सचे वादक उत्तरेकडे येत होते आणि जुलै १९१५ मध्ये शिकागो ट्रिब्यूनच्या एका लेखात जॅझ आणि ब्लूज (काळ्या अमेरिकनांचं दर्दभरं संगीत) एकच असं छापून आलं. खुद्द न्यू ऑर्लिन्सच्या पेपरात हा शब्द दिसतो तो १९१६ च्या नोव्हेंबरात, 'जास' अशा स्पेलिंगने. म्हणजे मूल एका गावचं आणि बारसं भलत्याच गावात, तेपण मूल चांगलं मोठं झाल्यावर! कारण बडी बोल्डन हा काळा कॉर्नेटवादक (कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटसारखं वाद्य) १९०० च्या आसपासच न्यू ऑर्लिन्स गाजवत होता आणि तिथले वादक स्वतः या संगीताला रॅगटाइम म्हणायचे. बोल्डन १९०७ ला वेड्यांच्या इस्पितळात गेला, १९३१ ला तिथेच वारला, त्याचं एकही रेकॉर्डिंग उरलेलं नाही. आणि जॅझची पहिली रेकॉर्ड म्हणून जी सांगतात ती २६ फेब्रुवारी १९१७ ची, न्यू यॉर्कमध्ये व्हिक्टर कंपनीने केलेली, पाच गोऱ्या वादकांची, ज्यात क्लॅरिनेट कोंबड्यासारखं आरवतं आणि कॉर्नेट घोड्यासारखं खिंकाळतं. मला ती ऐकताना हसू येतं आणि थोडा रागही. त्या बँडच्या नावातही आधी 'जास'च होतं, वर्ष संपेपर्यंत 'जॅझ' झालं. पोरं पोस्टरवरच्या इंग्रजी 'jass'मधलं पहिलं अक्षर खोडायची आणि उरायची ती शिवी, म्हणून बदललं असं सांगतात, खरं-खोटं तेच जाणोत.

आपल्याकडे हे संगीत रुळलं ते मुंबईच्या हॉटेलांतून. १९३५ मध्ये लिऑन ॲबीचा काळ्या अमेरिकन वादकांचा बँड ताजमध्ये वाजवायला आला, आणि मग चिक चॉकलेटसारख्या गोवेकर वादकांनी ते उचललं, चिक तर पुढे सी. रामचंद्रांच्या गाण्यांतही वाजवायचा.

हां, आणि कुणी विचारायच्या आधीच सांगतो, 'तो जॅझ' का 'ते जॅझ'? मी 'ते' म्हणतो, कारण डोक्यात पुढे 'संगीत' असतं. 'तो' म्हणणारेही भेटतात, बहुतेक त्यांच्या डोक्यात 'प्रकार' असावा.