कोणत्या वयाचे फादर आठवायचे?

ज्या माणसाशी आपलं जन्मभर पटलं नाही तो गेला, आणि त्याच्याविषयी चार शब्द बोलायची पाळी नेमकी आपल्यावर आली, तर काय बोलायचं? कधी वडिलांच्या, कधी सासूबाईंच्या, कधी जुन्या मुख्याध्यापकांच्या निमित्ताने हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे येतच असतो. या खेपेला तो एका धर्मगुरूंच्या निमित्ताने आला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

वसईच्या ख्रिस्ती घरातले, साठी उलटलेले निवृत्त शिक्षक. त्यांचे सख्खे काका फादर होते, त्र्याण्णव वर्षं जगले. घरातला एखादा मुलगा फादर झाला की त्या पट्ट्यात अख्ख्या कुळाची मान ताठ होते. काकांना जाऊन महिना होईल तेव्हाच्या मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेनंतर, पुतण्याने पाच मिनिटं बोलायचं, असं भावंडांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. तेव्हापासून सरांची झोप उडाली होती.

“मॅडम, शवपेटीपाशी उभा होतो तेव्हा डोळ्यांत टिपूस नव्हतं. नुसता संताप. मला काही झालंय का?”

काही झालेलं नव्हतं. शोकात राग येतोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या वर्गीकरणातही लांबलेल्या शोकाला विकार म्हणायचं तर तो निदान 6 महिने टिकलेला आणि रोजचं जगणं विस्कटून टाकणारा असावा लागतो. इथे महिनाही उलटला नव्हता.

रागाचं मूळ होतं 1989 मध्ये. सरांनी हिंदू मुलीशी लग्न ठरवलं. कॅथलिक चर्चच्या 1983 च्या कायदेसंहितेनुसार बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी चर्चमध्ये लग्न करायचं तर बिशपांकडून खास सूट मिळवावी लागते. मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्यासाठी आपल्या परीने सर्व प्रयत्न करू, असं वचन कॅथलिक जोडीदाराने द्यायचं. दुसऱ्याने धर्म बदललाच पाहिजे अशी अट त्यात नाही. फादरकाकांना हे ठाऊक नव्हतं असं थोडंच? तरी त्यांचा हेका एकच, “आधी तिला बाप्तिस्मा घेऊ दे, मग बघू.” सरांनी विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी लग्न केलं. काका फिरकले नाहीत. पोपनी 1968 मध्येच कृत्रिम संततिनियमनाला दिलेल्या नकारावरूनही पुढे दोघांचे कडाक्याचे वाद झाले. जेवणाच्या ताटावरून उठून जाण्यापर्यंत.

आणि सरांची फी भरली होती ती याच काकांनी. कॅथलिक चर्चमध्ये मोठे बदल करणाऱ्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962-65) लॅटिन मागे पडून मिस्सा मराठीत होऊ लागली, तेव्हा तरुण फादरकाका लहानग्या पुतण्याला शेजारी बसवून मराठी प्रार्थना मोठ्याने वाचायला लावत. पोरगं जिथे अडखळेल तिथे पेन्सिलीने खूण करत. “मी मराठीचा मास्तर झालो तो त्या खुणांमुळे,” सर म्हणाले, आणि माझ्याकडे आल्यापासून पहिल्यांदाच हसले.

त्यांनी दोन भाषणं लिहून आणली होती. एक वर्तमानपत्रातल्या श्रद्धांजलीसारखं, कोणाच्याही नावाने खपेल असं. दुसरं म्हणजे सरळ आरोपपत्र. दोन्ही वाचून झाल्यावर मी विचारलं, “यातले फादर किती वर्षांचे आहेत?”

दीर्घायुषी माणसांच्या बाबतीत हा घोळ फार होतो. ज्यांच्यावर राग आहे ते काका अठ्ठावन्न वर्षांचे, शब्दाला वजन असलेले. जे गेले ते ऐकू न येणारे, चमच्याने भरवून घेणारे. काकांनी पंच्याऐंशी ओलांडली तसं सरांनी भांडण सोडून दिलं. दमलेल्या म्हाताऱ्याशी काय वाद घालायचा? ते मिटलं नाही, नुसतं थांबलं. माणूस इतकी वर्षं समोर असतो म्हणून वाटत राहतं, बोलू कधीतरी. आणि सुरकुतलेल्या हाताकडे पाहून अठ्ठावन्न वर्षांच्या माणसावरचा राग काढणं आपल्यालाच क्रूर वाटतं.

म्हणून मी त्यांना एका कागदावर काकांची वयं लिहायला सांगितली आणि प्रत्येक वयासमोर एकच प्रसंग. पेन्सिलवाले फादर चाळिशीच्या आतले निघाले. लग्नाला न आलेले अठ्ठावन्नचे. सरांच्या धाकट्या मुलीला बुद्धिबळ शिकवणारे सत्तरीतले; हा प्रसंग त्यांच्या एकाही भाषणात नव्हता.

“मेल्यावर वैर संपतं” असं भावंडं त्यांना ऐकवत होती. मला हे वाक्य आवडत नाही. ते बहुधा ज्याला लागलेलं असतं त्यालाच ऐकवलं जातं. मी सरांना त्यांच्याच धर्मातलं आठवून पाहायला सांगितलं. ते म्हणाले, अंत्यविधीच्या मिस्सेतल्या प्रवचनात मृताचं गुणगान करू नये असा चर्चचाच नियम आहे. आणि मृतासाठी, मग तो फादर का असेना, आपण क्षमा मागतो. म्हणजे त्याच्या हातून चुका झाल्या हे धरूनच चालतो. हे बोलताना त्यांचे खांदे जरा सैल झाले.

भाषणात पत्नीचा उल्लेख करायचा की नाही, हे तिलाच विचारा असं मी सुचवलं. बाई स्पष्ट बोलल्या, “माझं नाव घेणार असाल तर ते लग्नाला आले नाहीत हेही सांगा. नाहीतर नकोच.”

सर तसंच बोलले. पेन्सिलीच्या खुणा सांगितल्या, बुद्धिबळ सांगितलं, आणि मधे दोनच वाक्यं: “काका आमच्या लग्नाला आले नाहीत. ते चुकले असं मला तेव्हा वाटत होतं, आजही वाटतं.” एक चुलतबहीण त्यानंतर चहालाही थांबली नाही. तिची नाराजी सरांनी धरून ठेवली नाही. झोप मात्र पुष्कळ सुधारली.

लग्नासाठी खास सूट मागणारा अर्ज काकांनी बिशपांकडे का पाठवला नाही, हे विचारायचं राहूनच गेलं. त्यासाठी सर अजून महिन्यातून एकदा येतात. पाच मिनिटांच्या भाषणात ते मावणारं नव्हतंच.