ग्रीक शोकांतिकेत उतरायचंय? ईडिपसपासून सुरुवात कर

अरे, एकदम ॲरिस्टॉटलचं शोकांतिकेवरचं विवेचन उघडू नकोस, कंटाळशील. आधी प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीजचं ‘ईडिपस’ हे नाटक वाच. मराठीत ते पु. ल. देशपांड्यांनी आणलंय, एका बैठकीत होतं. गोष्ट आधीच माहीत असेल तर उत्तमच, अथेन्सच्या प्रेक्षकांनाही ती माहीतच होती. मजा आहे ती राजा स्वतःच्याच हाताने जाळं कसं आवळत नेतो ते बघण्यात.

मग याच गोष्टीवरचा संगीतकार स्ट्राविन्स्कीचा १९२७चा ऑपेरा ‘ईडिपस रेक्स’ ऐक, जेमतेम पाऊण-एक तासाचा आहे. शब्द मुद्दाम लॅटिनमध्ये, पात्रं मुखवटे घालून जवळजवळ पुतळ्यासारखी उभी. निवेदक मात्र प्रेक्षकांच्या भाषेत पुढे काय होणार ते आधीच सांगून टाकतो. सुरुवातीलाच पुरुषांचा कोरस, म्हणजे एकत्र गाणारा समूह, साथीच्या रोगातून सोडवा म्हणून राजाला साकडं घालतो. ते दोनदा ऐक. आपण नकळत बापाला मारून आईशीच लग्न केलं हे सत्य कळतं तेव्हा ईडिपस किंचाळत नाही. हळूच तीन शब्द गातो, ‘लुक्स फाक्ता एस्त’. म्हणजे उजेड पडला. (आपण हे टोमणा म्हणून वापरतो, इथे मात्र पुढच्याच क्षणी तो डोळे फोडून घेणार असतो.)

त्यानंतर वाच अमेरिकन नाटककार यूजीन ओनीलचं ‘मोर्निंग (Mourning, म्हणजे शोक) बिकम्स इलेक्ट्रा’, १९३१चं नाटक. प्राचीन ग्रीक नाटककार इस्किलसची ‘ओरेस्टिया’ ही नाट्यत्रयी त्याने अमेरिकन यादवी युद्धानंतरच्या न्यू इंग्लंडमधल्या एका घरात नेलीय. लांबलचक आहे, माझं पहिल्यांदा अर्ध्यावरच सुटलं होतं. कोरसची जागा तिथे गावातल्या चोंबड्या लोकांनी घेतलीय, त्यांच्यावर नजर ठेव.