‘गलितगात्र’ जपून वापरा

तुमच्या कथेत ऑफिसातून आलेली नायिका ‘गलितगात्र होऊन सोफ्यावर बसली’ असं लिहिलंयत. ती चहा टाकायला उठणार असेल तर ती फक्त दमलीय. गलित म्हणजे गळलेलं, गात्र म्हणजे अवयव. हातपाय आपले राहिलेच नाहीत, इतकी ही अवस्था टोकाची. आणि कारण कष्टच असायला हवेत असं नाही. आजाराने, उपासमारीने, भीतीनेही माणूस गलितगात्र होतो. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन ‘सीदन्ति मम गात्राणि’ (माझी गात्रं गळून जातायत) म्हणतो तेव्हा युद्धाला सुरुवातही झालेली नसते!

रूप बदलत नाही: तो गलितगात्र झाला, ती गलितगात्र झाली. ‘खूप गलितगात्र’ मात्र नको.

संवादात तर हा शब्द टाळाच. घरात कोण असं बोलतं? लग्नघरातली मावशी म्हणेल, ‘धावपळ करून नुसता पिट्ट्या पडला गं!’ दिवसभर धुणी धुतल्यावर अंग आंबतं. तापातून उठलेला माणूस ‘पार गळून गेलोय’ म्हणतो. ‘थकणे’ वापरताना संदर्भ बघा. ‘आजोबा आता थकलेत’ यात वय बोलतं, आणि भाडंही थकतंच की.

तुमच्या नायिकेला ‘दमून’ पुरे. गलितगात्र तिला कथेतल्या पुराच्या प्रसंगात होऊ द्या.