आयआर करायचं असेल तर एमडीच्या पहिल्या वर्षात काय शिकावं?

एमडी रेडिओडायग्नोसिसच्या पहिल्या वर्षाला आहात, पुढे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीत (आयआर, म्हणजे पडद्यावर बघत सुई-कॅथेटरने उपचार) डीएम ही सुपरस्पेशालिटी पदवी करायचीय, तोवर कॅथलॅबमध्ये (जिथे एक्स-रेखाली हे उपचार होतात) नुसतं उभं राहण्यापलीकडे काय करता येईल, असं तुम्ही विचारलंय.

कागदावरचा रस्ता तुम्हाला ठाऊक असणारच: एमडी किंवा तिच्या बरोबरीची डीएनबी, मग नीट-एसएस ही प्रवेशपरीक्षा, मग डीएम किंवा तिच्या बरोबरीच्या डीआरएनबीची तीन वर्षं. मुंबईत केईएम आणि टाटा मेमोरियलला डीएम आहे. त्यात अडकू नका. माझं म्हणणं एवढंच, की कॅथलॅबच्या आधी सोनोग्राफीची खोली पकडा. बायोप्सी असो, पिगटेल (साचलेला पू-पाणी काढायची नळी), पीसीएन (पाठीतून किडनीत घालायची नळी) किंवा मांडीतल्या धमनीचं पंक्चर, सगळ्याची सुरुवात सुईचं टोक दिसण्यापासून होते, आणि नवा हात नेमका तिथेच फसतो.

आडव्या छेदात सुई म्हणजे एक पांढरा ठिपका. तो ठिपका टोकच असेल असं नाही. प्रोबच्या (अंगावर टेकवायच्या सोनोग्राफीच्या दांड्याच्या) किरणाला सुई जिथे छेदते तिथे तो दिसतो, आणि टोक कदाचित सेंटीमीटरभर पुढे गेलेलं असतं. म्हणून आधी प्रोब पुढे सरकवा, ठिपका नाहीसा होऊ द्या, मग तो पुन्हा दिसेपर्यंतच सुई पुढे न्या. पुन्हा प्रोब, पुन्हा सुई. दोन्ही हात एकदम हलवायचे नाहीत.

याचा सराव पेशंटवर कशाला? लिटरभर पाण्यात ३०-४० ग्रॅम अगर-अगर (चायना ग्रास) उकळा, दोन चमचे इसबगोल टाका (नाहीतर पडदा अगदी काळा दिसतो, शरीरासारखा करडा नाही), वरचा फेस काढा आणि पाण्याने भरून गाठ मारलेलं ग्लोव्हचं बोट त्यात बुडवून गोठू द्या. बोटात हवा राहिली तर मागे सावली पडते. प्रोबला कव्हर घाला, नाहीतर टेक्निशियन पुन्हा मशीनला हात लावू देणार नाही.

आता मांडीतलं पंक्चर. कातडीच्या घडीवर विश्वास ठेवू नका, स्थूल पेशंटमध्ये ती बरीच खाली असते. फ्लुरोखाली (चालत्या एक्स-रेखाली) आर्टरी फोर्सेप (धातूचा चिमटा) ठेवून फीमरच्या डोक्याची खालची कड खूण करा, सोनोग्राफीवर धमनी कुठे दुभंगते ते बघा आणि त्या फाट्याच्या वर, फीमरच्या डोक्यावर येईल अशी सुई घाला. फार वर गेलात तर रक्त पोटामागे साचतं आणि बाहेर काहीच दिसत नाही. बीपी पडल्यावरच कळतं. फार खाली गेलात तर दाबायला मागे हाड नसतं आणि धमनीबाहेर साचलेल्या रक्ताचा धडधडता फुगा, म्हणजे स्यूडोअ‍ॅन्युरिझम होतो.

१८ गेजच्या सुईतून ०.०३५ इंची वायर (कॅथेटरला वाट दाखवणारी तार) जाते, २१ गेजमधून ०.०१८. रक्ताची जोरदार, ठोक्यागणिक धार आली तरच वायर घाला. ती अडली तर रेटायची नाही: सुई थोडी आडवी करा, फ्लुरो बघा. आणि हायड्रोफिलिक (ओली झाली की निसरडी होणारी) वायर धातूच्या सुईतून कधीच नको. मागे ओढताना सुईच्या धारेवर तिचं आवरण सोलून निघतं आणि तुकडा रक्तात जातो.

मापांचा गोंधळ आत्ताच संपवा. १ फ्रेंच म्हणजे एक तृतीयांश मिलिमीटर. पण कॅथेटरचा फ्रेंच बाहेरचा व्यास सांगतो आणि शीथचा (कॅथेटर आत-बाहेर करायला धमनीत ठेवलेल्या नळीचा) आतला. म्हणजे ५ फ्रेंचच्या शीथने धमनीला पडलेलं भोक ५ फ्रेंचपेक्षा मोठंच असतं. वायरच्या लांबीचाही हिशेब घाला: कॅथेटर १०० सेंमी आणि आत ६० सेंमी वायर जागेवर ठेवायची असेल, तर १५० सेंमीची वायर पुरत नाही. कॅथेटर पूर्ण बाहेर येण्याआधीच तिचं शेपूट आत गडप होतं. तिथे २६० लागते.

किरणांचा डोस मोजणारे बॅज दोन असतील तर एक एप्रनच्या आत छातीवर, दुसरा बाहेर कॉलरपाशी. मर्यादा ओलांडली जाईल म्हणून बॅज लॉकरमध्ये ठेवणारे रेसिडेंट असतात. हा शुद्ध वेडेपणा. तुमच्यावर येणारा डोस मुख्यतः पेशंटच्या अंगावरून विखुरलेला असतो, म्हणून डिटेक्टर (एक्स-रे टिपणारी पाटी) पेशंटजवळ आणा, कॉलिमेट करा (किरणांचा झोत अरुंद करा) आणि डीएसए रन (रक्तवाहिन्यांची सलग एक्स-रे चित्रं घेणं) चालू असताना दोन पावलं मागे व्हा.

शेवटचं काम बहुधा पहिल्या वर्षाच्याच गळ्यात पडतं: शीथ काढून दाबणं. सुई तिरकी वर गेलेली असते, त्यामुळे धमनीतलं भोक कातडीवरच्या भोकाच्या वर, डोक्याच्या दिशेला असतं. बोटं तिथे ठेवा. कापसाचा गठ्ठा ठेवून तळव्याने दाबू नका, खाली काय चाललंय ते कळत नाही. घड्याळ लावून १५ ते २० मिनिटं, आणि मध्येच उचलून बघायचं नाही. उचललंत तर पहिल्या मिनिटापासून पुन्हा मोजा.